भिंतीचा खेळ

त्या वर्षी विहिरीचा तळ दिसला आणि बालवाडीतला पाण्याचा खेळ बंद झाला.

एरवी बाई सकाळीच पसरट टोपात पाणी ओतून ठेवायची. पोरं त्यात डबे बुडवायची, नरसाळ्यातून धार सोडायची, लाकूड तरंगतं की बुडतं यावरून हमरीतुमरीवर यायची आणि दुपारी गळ्यापर्यंत ओली होऊन घरी जायची. यंदा टोप कोपऱ्यात पालथा पडला होता. प्यायच्या पाण्यासाठी बायकांची पायपीट चालली होती, तिथे खेळायला पाणी कुठून आणणार? बाईने वाळूवर भागवलं. कोरडी वाळू मुठीत धरायला जावं तर बोटांतून निसटायची. पण तिच्यात रेघ उमटायची, खड्डा व्हायचा, चाळणीतून ती पाण्यासारखी गळायची. पोरांना तेवढं पुरलं.

बालवाडी म्हणजे तरी काय, घराची पुढची लांबट पडवी. सासऱ्याने बऱ्या दिवसांत धान्य ठेवायला म्हणून काढली होती. धान्य गेलं आणि पडवी रिकामी राहिली, तेव्हा बाईने ती झाडून, सारवून घेतली. एका टोकाला विटा लावून वाळू टाकली. दुसऱ्या टोकाला चेपलेली भांडी, दोन डब्यांचा तराजू, चिंध्यांच्या बाहुल्या. सासरा हाडाचा सुतार होता. त्याने उरल्यासुरल्या लाकडाचे ठोकळे तासून दिले, कडा घासून गुळगुळीत केल्या. दिवसभर तो पडवीच्या दारात बाजेवर बसायचा. पोरं त्याला गिऱ्हाईक करायची, रोगी करायची, कधी म्हशीसारखं हाकायची. तो सगळं व्हायचा.

बहुतेक पोरं खाणीवरच्या बायकांची. त्या उजाडायच्या आत खडी फोडायला जायच्या आणि झोपेतली पोरं बाईच्या ओसरीवर टाकायच्या. बालवाडी नव्हती तेव्हा हीच पोरं खाणीच्या कडेला झाडाखाली बसायची. कुणाच्या कपाळावर कपचीचा वण होता, कुणाचं बोट चेचलेलं. मुंगी नावाच्या एवढ्याशा पोरीचा थोरला भाऊ तेव्हापासून लंगडत होता. मुंगीची आई सकाळी पोरीला खाली ठेवताना रोज न चुकता म्हणायची, "नुसतं खेळवता हो तुम्ही. चार अक्षरं घटवून घेतली तर काय बिघडलं?"

"घटवीन. आधी बोटं तर वळू देत."

"वळतात की. घरी नुसती कुटाणे करते."

एवढं बोलून ती जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बाईला स्वतःचं मूल नव्हतं. थोरल्या जाऊबाईंची एक मुलगी, भिंगरी. सतत स्वतःभोवती फिरायची म्हणून सासऱ्यानेच ते नाव पाडलं होतं. जाऊबाई गोठ्यात आणि दुधात गुंतलेल्या, तेव्हा भिंगरी बाईच्याच हाताखाली वाढली. घरात ती तिला काकू म्हणायची. पडवीचा उंबरा ओलांडला की बाई. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चुकून कधी पडवीत काकू म्हणाली तर जीभ चावून म्हणायची, "इथे बाई."

त्या दिवशी पोरं वाळूत घर मांडत होती. बाई एका रडव्या पोराचं नाक पुसत होती आणि कान मात्र नेहमीप्रमाणे वाळूकडे होता. खेळात पोरं काय बोलतात ते ऐकावं, मधे तोंड घालू नये, हे ती इतक्या वर्षांत शिकली होती.

"इथे भिंत," भिंगरी म्हणाली. तिने वाळूतल्या घराच्या मधोमध ठोकळ्यांची रांग लावली. ठोकळे संपले तशी पुढे विटेचे तुकडे लावले.

"घराच्या मधे कुठे भिंत असते?" ढोल्या म्हणाला. तो अंगाने सगळ्यांत मोठा, त्यामुळे प्रत्येक खेळात आपलं म्हणणं खरं करायचा.

"आमच्यात असते. आता येणार आहे. इकडे आम्ही, तिकडे काका आणि काकू."

"आणि बालवाडी?"

"ती नाही. इथे चारा." भिंगरीने पडवीच्या जागी वाळलेल्या गवताची मूठ ठेवली.

रडव्या पोराचं नाक बाईच्या हातात तसंच राहिलं.

मुंगी एक काडी घेऊन आली. "हे आजोबा. हे कुठे ठेवू?"

भिंगरीने काडी घेतली, भिंतीच्या एका बाजूला रोवली, उपटली, दुसऱ्या बाजूला रोवली. "एक महिना इकडे. एक महिना तिकडे. बाज पण न्यायची. गोधडी पण."

दारातल्या बाजेवर म्हातारा बसला होता. तो बराच वेळ त्या काडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भिंगरे, त्या काडीला जरा सावलीत ठेव गं. उन्हात रोवलीस."

भिंगरीने काडी सावलीत सरकवली. म्हातारा हसला, पण नंतर पडवीत आला नाही. बाज ओढत आतल्या खोलीत घेऊन गेला.

दुपारी मुलं घरी गेल्यावर वाळू सारखी करायला बाई वाकली आणि ती भिंत मोडायला तिचा हात धजेना. ठोकळे तिने एकेक करून उचलले आणि टोपलीत ठेवले.

संध्याकाळी तिचा नवरा परत आला. तो गवंडी. पाणी नाही म्हणून गावात कुठे बांधकाम नव्हतं. तरी रोज सकाळी थापी, ओळंबा पिशवीत घालून तो बाहेर पडायचा आणि चारचौघांत बसून परत यायचा. रिकाम्या हाताने उंबऱ्यावर बसून राहिलेला नवरा बायकोने बघू नये, एवढ्यासाठी.

"भिंत कुठून येणार आहे?" बाईने विचारलं.

तो पायताण काढत होता. एक काढलं, दुसरं पायातच राहिलं. "कोण म्हणालं?"

"भिंगरी. वाळूत बांधून दाखवली."

त्याने थापीची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "दादाने मापं घ्यायला लावली. तू तालुक्याला बैठकीला गेली होतीस ना, त्या दिवशी. फितीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. भिंगरीने धरलं."

"म्हणजे पोरीला माहीत आणि मला नाही."

"सांगणार होतो."

"कधी? प्लास्टर झाल्यावर?"

तो मान खाली घालून म्हणाला, "दादा म्हणतो वाटणी करू. त्याला पडवी हवी. चारा बाहेर ठेवला तर राहत नाही, रात्रीतून गंज अर्धी होते. आपल्याला मागच्या दोन खोल्या देतो. म्हणतो, तुम्ही दोघंच, तुम्हाला जागा लागते किती."

"आणि भिंत कोण बांधणार?"

त्याने दुसरं पायताण काढून भिंतीशी नीट जोडून ठेवलं. त्यावरून तिला कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी भिंगरीच्या गालावर बोटं उमटलेली होती. पडवीतली गोष्ट कुणाकडून तरी जाऊबाईंच्या कानावर गेली होती. पोरगी वाळूच्या कडेला येऊन बसली. ढोल्याने तिला चाळणी दिली, ती तिने मांडीवर ठेवली आणि तशीच बसून राहिली.

"काय मांडतेस?" मुंगीने विचारलं.

"काही नाही."

"घर?"

"मी नाही घर करत."

बाई तिच्या शेजारी बसली. हाताने वाळू ओढून एक उंचवटा केला, त्यात बोट खुपसून भोक पाडलं, वाट बघितली. एरवी भिंगरीने त्या भोकात साप सोडला असता, नाहीतर उंदराचं लग्न लावलं असतं. आज तिने फक्त बघितलं आणि हळूच विचारलं, "खेळातलं सांगितलं तर मारतात?"

बाईने तिच्या केसांतली वाळू झटकली. "आता नाही मारणार," ती म्हणाली. हे आपल्या हातात नाही, हे बोलतानाच तिला कळत होतं.

त्याच दुपारी ती दिराकडे गोठ्यात गेली. जे बोलायचं ते मनात घोळवून गेली होती. पण आत पाऊल टाकलं आणि बघते तर तांबडी गाय बसलेली, आणि दीर एकटाच तिच्या पोटाखालून पोतं सारायला धडपडतोय. गाय उठवली नाही तर ती पुन्हा उठणार नव्हती. बाईने पलीकडून पोत्याचं टोक धरलं. दोघांनी जोर लावला. गाय हाडांचा सापळा झाली होती, तरी शिसं ओतल्यासारखी जड. दिराच्या मानेच्या शिरा टरारल्या. बाईच्या तळहातात पोत्याची शिवण रुतली. गायीने पुढचे पाय रोवले, मागचे थरथरले, एकदाची उभी राहिली आणि खांबाला टेकली.

"धर, धर. तशीच धर," दीर म्हणाला. तो गायीचे पाय चोळू लागला. गायीच्या अंगाला ताप होता, नाकपुड्या कोरड्या पडल्या होत्या.

"भाऊजी, पडवीचं..."

"माहीत आहे मला, काय बोलायला आलीस ते." तो चोळत राहिला. "तुझी पोरं भूक लागली तर रडून सांगतात तरी. हिने कुणाला सांगायचं? काल अर्धी गंज गेली. चोरणारा पण कुणी परका नाही, त्याचीही जनावरं मरताहेत. मी कुणावर धावून जाऊ?"

"पाऊस होईपर्यंत पडवी घ्या. वाटणी कशाला? भिंत कशाला?"

"एकदा घेतली की परत देताना भांडण होतं. त्यापेक्षा आत्ताच हसतखेळत होऊ दे."

जाऊबाई दारात येऊन उभ्या होत्या. दुधाची रिकामी चरवी हातात. "हसतखेळतच चाललंय की इकडे," त्या म्हणाल्या. "गावाची पोरं गोळा करून खेळ मांडलाय. स्वतःचं असतं तर कळलं असतं, घर कशाने चालतं ते."

दिराने बायकोकडे एकदा बघितलं आणि तो पुन्हा पाय चोळू लागला. बाई गायीला धरून उभी राहिली, कारण सोडलं असतं तर गाय पडली असती. जाऊबाई आत गेल्या तरी ती तशीच उभी होती.

मग जागेसाठी हिंडणं सुरू झालं. खाणीवरच्या बायकांच्या झोपड्यांत त्यांचीच पाठ टेकायला जागा नव्हती. शाळेच्या मास्तरांनी कानावर हात ठेवले. गावच्या पुढाऱ्याचं बैठकीचं दालन महिनोन्महिने बंद असायचं. तो म्हणाला, "पोरं भिंतीला हात पुसतात हो. आणि वरून साहेब आले तर बसवायचं कुठे?" त्याने बाईला खुर्ची दिली नव्हती. ती उभ्यानेच ऐकून आली. तालुक्याहून तपासणीला येणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या, पण त्याही म्हणाल्या, "पक्की जागा नसेल तर मला बालवाडी बंद दाखवावी लागेल. झाडाखाली चालवलीत नि काही झालं तर तुम्हीही अडकाल नि मीही."

शेवटी एका सकाळी नवऱ्याने घराच्या मधोमध दोरी ताणली.

विटा जुन्याच होत्या, पडक्या कोठाराच्या. गाऱ्यासाठी पाणी हवं होतं. दिराने गोठ्यातलं, जनावरांच्या तोंडचं दोन बादल्या पाणी दिलं. गवंड्याने मातीचं आळं करून त्यात ते ओतलं आणि पायाने तुडवायला सुरुवात केली. ओल्या मातीचा वास सुटला. मुलं वाळू सोडून उठली. कित्येक महिन्यांत त्यांनी चिखल बघितला नव्हता.

"बाई, आम्ही पण?"

बाईने नवऱ्याकडे बघितलं. तो घामाने निथळत होता. "या," तो म्हणाला. "तुडवा. पण बाहेर सांडू नका."

पोरं आळ्यात उतरली. आधी चिवचिवाट झाला, मग सगळी एकदम गप्प झाली. बोटांच्या बेचक्यांतून चिखल वर येत होता आणि सगळी ते बघण्यात गुंग. रडवं पोर त्या दिवशी रडलं नाही. मग कुणीतरी विटा द्यायचा खेळ काढला. रांग करून एक जण दुसऱ्याला वीट द्यायचा, शेवटचा गवंड्याला. अख्खी वीट, अर्धी वीट, पाव वीट. गवंडी म्हणायचा, "इथे अर्धी बसेल," आणि मुंगी ढिगातून बरोबर अर्धी शोधून आणायची. खालच्या दोन विटांच्या सांध्यावर वरची वीट आली पाहिजे, हे ढोल्याच्या आपोआप ध्यानात आलं, आणि गवंड्याने मुद्दाम चुकीची ठेवली तेव्हा तो ओरडला, "काका, पडेल ती." ओळंबा सोडला की सगळी पोरं श्वास रोखून दोरी थांबायची वाट बघायची.

वर्षभरात पोरं जेवढं शिकली नव्हती तेवढं त्या एका दिवसात शिकली. बाईला ते दिसत होतं. एरवी तिचा ऊर भरून आला असता. तिने एक वीट उचलून रांगेतल्या पोराच्या हातात दिली.

भिंगरीला त्या दिवशी पलीकडे ठेवलं होतं. आईच्या मांडीला धरून ती उभी होती. भिंत गुडघ्याएवढी झाली तोवर ती वाकून चिखलात हात घालत होती. कमरेएवढी झाली तेव्हा टाचा उंचावून बघत होती. मग तिचं कपाळ दिसायला लागलं, मग नुसते केस. अलीकडच्या पोरांना वाटलं हा लपाछपीचा खेळ. "भिंगरी दिसली," ती ओरडायची. "भिंगरी गेली." पलीकडून ती उड्या मारत होती, तेव्हा केस दिसायचे आणि जायचे. "दिसली. गेली. दिसली." मग उड्या थांबल्या.

गवंड्याने वर मान केली नाही. थापीने सांधे भरत राहिला. उजेड जायच्या आत भिंत आढ्याला टेकली. त्याने हात धुवायला बादली बघितली तर पाणी संपलं होतं. मातीचेच हात घेऊन तो जेवायला बसला. म्हातारा आतून म्हणाला, "सरळ आलीय का?" मग तो स्वतःच उठून आला, तळहात भिंतीवरून फिरवला आणि म्हणाला, "सरळ आहे. तुझं काम कधी वाकडं नसतं."

चारा पडवीत आला, बालवाडी बंद झाली, पण तांबडी गाय राहिली नाही. भिंत वाळायच्या आतच ती गेली. पुढच्या पंधरवड्यात दुसरी. दिराने उरलेली जनावरं मिळेल त्याला देऊन टाकली. पडवीत पेंढ्या आढ्यापर्यंत रचलेल्या होत्या आणि खायला कुणी नव्हतं. बाईला वाटलं आता तरी दीर येईल, काही बोलेल. तो आला नाही. मेलेल्या गायींबरोबर त्याची बोलतीही गेली होती. त्याचं बोलणंच काय, दाढी करणंही सुटलं.

भिंगरीचं बाईकडे येणं बंद झालं. सुरुवातीला संध्याकाळी चूल पेटली की भिंतीवर पलीकडून बोटाने टकटक व्हायची. बाई हातातलं टाकून उठायची आणि अलीकडून तेवढीच टकटक करायची. मग पलीकडे वेगळी चाल वाजायची, एक मोठी, दोन छोट्या. बाई तशीच परत वाजवायची. म्हातारा अंधारात हसायचा. एकदा टकटक चालू असतानाच पलीकडे चापट बसल्याचा आवाज आला. बाई भिंतीला हात लावून उभी राहिली. त्यानंतर पलीकडून काही वाजलं नाही. तिनेही आपणहून वाजवलं नाही. वाजवलं तर मार तिकडे बसणार होता.

महिना झाला की दीर आणि गवंडी दोन्हीकडून बाज धरून म्हाताऱ्याला एका दारातून दुसऱ्या दारात न्यायचे. दोघे भाऊ तेवढ्यापुरते एकमेकांजवळ यायचे. "सांभाळ, पाय अडखळेल," एवढंच बोलणं. म्हातारा मधे चालायचा, गोधडी छातीशी धरून. एकदा तो चुकून उलट्या दारात शिरला आणि जाऊबाई म्हणाल्या, "तुमचा महिना तिकडे आहे." तो ओशाळला. मग ज्याच्या त्याच्या दारात आधी विचारायचा, "सध्या मी कुठला?"

उन्हाळा सरला, पावसाचे दिवस आले आणि कोरडेच जाऊ लागले. गवंडी थापी घेऊन शहराकडे गेला. बांधकाम मिळालं तर बोलावतो म्हणाला. बोलावणं आलं नाही. दुष्काळात पोटाला कारण सांगता येत नाही. एका पहाटे बाई मुंगीच्या आईबरोबर खाणीवर गेली.

मुकादमाने तिला हातोडा दिला आणि दगडांच्या ढिगाशी बसवलं. डाव्या हाताने दगड धरायचा, उजव्याने मारायचा, डोळे मिटायचे नाहीत पण किलकिले ठेवायचे. पहिल्या दिवशी तिच्या तळहाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले. मुंगीच्या आईने चिंधी फाडून दिली. "आता तुमची पण बोटं वळतील," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिला खरंच वाईट वाटलं होतं, पण तिच्याकडे दुसरी वाक्यं नव्हती.

तिची सगळी पोरं तिथेच होती. झाडाखाली, धुळीत. मुंगी, ढोल्या, ते रडवं पोर. बाई आली म्हणून ती पहिल्या दिवशी नाचली. जेवणाच्या सुट्टीत तिने त्यांना गोल दगड, चपटे दगड वेगळे करायला लावले. पोरं लागली. पण सुट्टी आखूड होती. दुसऱ्या दिवशी जरा उशीर झाला तर मुकादम लांबूनच म्हणाला, "बाई, शाळा सुटली. ढीग तसाच आहे." बायका हसल्या नाहीत. नजरा खाली घालून हातोडे चालवत राहिल्या. ते बाईला जास्त लागलं. मग तिने ते सोडून दिलं. सुट्टीत ती झाडाला टेकून डोळे मिटून बसायची. अंगाला खडीची पांढरी पूड, पापण्यांवर पूड, जिभेवर पूड.

मग एक दिवस खाणीत सुरुंगाचा अपघात झाला. शिटी झाली, सगळे आडोशाला गेले. एक तरुण कामगार, नुकताच मिसरूड फुटलेला, विसरलेली पहार आणायला वळला. त्याची आई याच ढिगाशी बाईच्या शेजारी बसायची. पोराला फळीवर घालून आणलं तेव्हा ती धावली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि एका सुरात रडत राहिली. कुणी तिला उठवू शकलं नाही. पोरं झाडाखालून बघत होती. त्यांना कुणी तिथून हलवलं नाही, बाईनेसुद्धा. तिला सुचलंच नाही.

काम एक दिवस बंद राहिलं. पुन्हा सुरू झालं त्या दुपारी बाई झाडाखाली टेकली आणि तिला शिटीचा आवाज आला. डोळे उघडले. शिटी मुंगीने तोंडाने वाजवली होती.

"सुरुंग," मुंगी ओरडली. सगळी पोरं डोक्यावर हात घेऊन जमिनीवर पडली. रडवं पोर तेवढं उठून काडी आणायला वळलं. ती पहार होती. मग ढोल्याने तोंडाने मोठा आवाज काढला आणि ते पोर उताणं पडलं.

दोघांनी त्याचे पाय धरले, दोघांनी हात. ओढत झाडाच्या बुंध्याशी आणलं. "हलू नको," मुंगीने त्याला दटावलं.

"किती वेळ मरायचं?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"गाडी येईपर्यंत."

मग मुंगीने इकडे तिकडे बघितलं. या खेळात एक माणूस कमी होता. ती बाईसमोर येऊन उभी राहिली.

"बाई, तुम्ही येता खेळायला? तुम्ही त्याची आई व्हा."

बाई उठली. गुडघे आवाज करत वळले. ती बुंध्याशी बसली आणि त्या पोराचं डोकं तिने मांडीवर घेतलं. केसांत खडीची पूड होती. डोकं हलकं आणि ऊबदार होतं. पोर एका डोळ्याची फट करून तिच्याकडे बघत होतं.

पोरं भोवती उभी राहून वाट बघत होती.

"रडा ना," मुंगी म्हणाली. "आई रडते."

बाईने तोंडाने रडण्याचा आवाज काढला, जसा ती पडवीत बाहुली आजारी पडली की काढायची. एकदा, दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा आवाज तिच्या ताब्यात राहिला नाही. तो पोटातून आला, आणि एक संपायच्या आत दुसरा. तिने पोराचं डोकं छातीशी धरलं. पूड भिजून गालांवर चिखल झाला. ढिगाशी बसलेल्या बायकांनी मान वर केली. ती मेलेल्या पोराची आई तिथेच होती. तिने इकडे बघितलं आणि हातोडा मांडीवर ठेवला.

मुलं घाबरली नाहीत. खेळ चांगला जमला होता. मुंगी जवळ बसून, मोठ्या बाया करतात तशी, बाईच्या पाठीवरून हात फिरवत होती.

सुट्टी संपल्याची खरी शिटी झाली. पोर मांडीवरून उठलं, अंग झटकलं आणि बाईचे डोळे आपल्या बाहीने पुसू लागलं.

"उद्या मी मरणार," ढोल्या म्हणाला.

"नाही," मुंगी म्हणाली. "उद्या माझी पाळी."

मुकादम हाका मारत होता. बाईने जमिनीवर हात टेकला, उठली आणि हातोडा शोधू लागली.